कुंपणाच्या आतल्या बकऱ्या

९ एप्रिल २००६ रोजी भागीरथाबाई वानखेडे यांनी एका बकरीचे एक हजार आठशे पन्नास रुपये नाकारले. बकरीचे नाव काळी. गिऱ्हाईक सिहोऱ्याहून मोटारसायकलवर आले होते. बाईंनी दोन हजार सांगितले, तो अठराशे पन्नास म्हणाला आणि लगेच खिशात हात घातला. तिथेच सौदा मोडला.

“इतक्या लवकर पैसे कोण काढते, भाऊ?” संध्याकाळी दूध घालायला आल्या तेव्हा त्या मला म्हणाल्या. “एक तं त्याले माहीत आहे का माल जास्तीचा आहे. नाहीतं नोटा खोट्या आहेत.”

“त्याला बकरी आवडली असेल.”

“बकरी आवडली का माणूस नाक मुरडते. तुम्ही कधी जनावराच्या बाजारात गेले नाहीत.”

मी गेलो नव्हतो हे खरे. माझी सारी नोकरी वीज खात्याच्या लेखा विभागात गेली. आमचे घर जबलपूरला अधारतालच्या मुख्य रस्त्यापासून दुसऱ्या गल्लीत आहे, आणि माझ्या आईला बकरीचेच दूध पचते, म्हणून भागीरथाबाईंची आणि आमची ओळख. गल्ली संपली की एक कच्ची वाट नाल्याकडे उतरते. तिच्या टोकाला त्यांच्या दोन खोल्या आणि अंगण होते. अंगणात पाच बकऱ्या होत्या: काळी, कबरी, चांदणी, गुड्डी आणि लंगडी.

बाई काटोलकडच्या. लग्न होऊन खमरियाला आल्या ते १९६६ साल. जबलपूर मध्य प्रदेशात राहून आणि नागपूर महाराष्ट्रात जाऊन तेव्हा बरीच वर्षे झाली होती, पण त्यांच्या माहेरी “पोरगी आपल्याच राज्यात दिली” असेच म्हणत. इथे रेशनकार्डावर त्यांचे नाव हिंदीत ‘भगीरथी’ असे पडले. दुरुस्तीसाठी त्यांनी वर्षभर खेटे घातले. नावाचा अभिमान वगैरे काही नव्हता. भगीरथी नावाची दुसरी कोणी बाई आपल्या वाट्याची साखर नेत असेल, अशी त्यांना शंका होती.

नवरा अंबादास खमरियाच्या कारखान्यात होता. तो वारला तेव्हा क्वार्टर सोडायचे होते. सगळे म्हणाले, काही घाई नाही. मग एक दिवस दुपारी दळण घेऊन परतल्या तर सामान व्हरांड्यात आणि दाराला दुसरे कुलूप. तेव्हापासून ‘काही घाई नाही’ असे कोणी म्हटले की बाई उठून उभ्या राहत. मिळालेल्या पैशातून त्यांनी नाल्याकडची जागा घेतली, एक बकरी घेतली आणि मुलगा देवीदास याला शिकवले. तो नागपुरात नोकरीला लागला. चौथ्या मजल्यावरचे घर घेतले. आईने तिथे यावे, जागा विकून टाकावी, असा त्याचा आग्रह. फोन आमच्याकडे येई.

“काका, तिले समजवा न. काय ठेवलं आहे तिथं?”

बाई रिसीव्हर कानापासून बोटभर लांब धरून ऐकत, मग म्हणत, “बकऱ्या आहेत तोवर मी इथं. बकऱ्या गेल्या का येतो.” हा मायलेकांत ठरलेला करार होता आणि दोघेही तो मानत. म्हणूनच अंगणातली प्रत्येक बकरी म्हणजे नुसती बकरी नव्हती. ती गेली की बाई चौथ्या मजल्याच्या एक पायरी जवळ जात.

काळी गेली ती मेच्या आधी.

आधी तिची मान हलू लागली. नको नको म्हणावे तशी, आणि दाणा तोंडाशी आला की जास्तच. मग ती पाय फाकवून उभी राहू लागली. चालताना पुढचा पाय नको इतका उंच उचले, जणू वाटेत न दिसणारी पायरी आहे. डोळे उघडे, पण बघते आहे असे वाटेना. शेवटी उठता येईना. बाईंनी दरवेळी अंगणाच्या डाव्या बाजूला, कुंपणापलीकडे पाहिले.

कुंपणापलीकडे पुष्पा राहत होती.

पुष्पा गजभिये चाळिशीची, नवऱ्याच्या जागी कारखान्यात लागलेली. तीन वर्षांपूर्वी शेजारचे घर तिने घेतले. लूनावर बसून खमरियाला जाई, येताना फाटकाशी थांबून कोणाशीही बोले, मोठ्याने हसे. भागीरथाबाई तिला पहिल्या महिन्यापासून ‘बेशरम’ म्हणत. तोंडावर नाही. पण आवाज कुंपणापलीकडे जाईल इतका.

कुंपणही तिच्यामुळेच आले. पुष्पा येता-जाता अंगणात डोकावते, बकऱ्यांच्या सडांकडे बघते, तिच्या नजरेने दूध आटते, असे बाईंचे म्हणणे. मग त्यांनी नाल्यावरून बेशरमच्या काड्या तोडून आणल्या आणि पावसाच्या तोंडावर हद्दीवर खोचल्या. बेशरम आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. जांभळट गुलाबी फुले, पोकळ काडी, कुठेही खोचा, लागते. पाणी मागत नाही, मरत नाही, म्हणून तर ते नाव. आणि बकरी तिला तोंड लावत नाही, म्हणून कुंपणाला सगळे हेच लावतात.

“बेशरमीले बेशरमच पाहिजे,” असे बाई म्हणाल्या होत्या. विनोद त्यांना क्वचित सुचे, त्यामुळे हा त्यांनी बऱ्याच जणांना ऐकवला. पुष्पालाही कोणीतरी सांगितला असणार.

दोन वर्षांत कुंपण डोक्याच्या वर गेले. बाई रोज सकाळी बकऱ्या घेऊन नाल्याकाठाने, शेतांच्या बांधाने हिंडत आणि दुपारी परतत. यंदा संक्रांतीच्या सुमारास त्या परतल्या तर पुष्पा त्यांच्या अंगणात उभी. हातात बादली.

“काहून आली होती व?”

“लंगडी घरीच होती, मावशी. तिचं पाणी संपलं होतं, टाकाले आली.”

लंगडीचा मागचा पाय लहानपणी मोडला होता. ती कळपाबरोबर जात नसे, हे खरे. पण पाण्याची बादली घेऊन रविवारच्या दिवशी दुसऱ्याच्या अंगणात कोण येते? बाईंनी ते पाणी ओतून टाकले, भांडे राखेने घासले आणि दुसऱ्या दिवसापासून बाहेर जाणे बंद केले. घर उघडे टाकायचे नाही. बकऱ्या अंगणात, डोळ्यासमोर. काळी आणि कबरी कुंपणाकडच्या खुंटाला, म्हणजे पलीकडून कोणी हात घातला तर त्या ओरडतील. चांदणी गाभण होती, तिला मधे. गुड्डी तिच्या शेजारी. चारा विकतचा, थोडका, वाळलेला.

लंगडी तेवढी हाती लागत नसे. दावे तोडायची आणि कुंपणाच्या बुडाशी पडलेल्या भगदाडातून पलीकडे जायची. पुष्पा तिला भाज्यांची देठे आणि चुनी, म्हणजे डाळीचा भुसा, घाले. संध्याकाळी ती पोट टम्म करून परते. बाई तिचे तोंड उघडून वास घेत.

“पाहा भाऊ,” काळी गेल्यावर त्या म्हणाल्या, “काळी मेली, कबरीची मान हलून राहिली. अन् लंगडी? जी तिच्या घरी जाते, तिले काही नाही. म्हणजे काय समजायचं? माणूस आपल्या पाळलेल्याले सोडून बाकीच्याइले विष देते.”

वस्तुस्थिती तीच होती. तिच्यातून दुसरा निष्कर्ष मलाही तेव्हा काढता आला नसता.

काळीला हातगाडीवर घालून बाई जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या होत्या. तिथले डॉक्टर श्यामसुंदर मिसिर उत्तर प्रदेशातल्या बलियाकडचे. वर्षापूर्वीच बदलून आलेले, पन्नाशीचे, मृदू. त्यांनी काळी चिरून पाहिली. पोटात विष नाही, आतडे ठीक, काळीज ठीक. मेंदूचा आणि यकृताचा तुकडा बाटलीत घालून त्यांनी तपासणीला ठेवला आणि पंधरा दिवसांनी या म्हणाले.

“पोटात काही नाही म्हणते डॉक्टर,” बाई मला सांगत होत्या. “म्हणजे अशी गोष्ट दिली का मागं काही राहत नाही. साधं काम नाही हे.” मग आवाज उतरवून, “नाहीतं करणी.”

पंधरा दिवसांनी त्या गेल्या तेव्हा डॉक्टर फाटकातच जीपमध्ये बसलेले होते. कुठल्याशा तालुक्यात लसीकरणाचा कॅम्प होता, ड्रायव्हरने इंजिन सुरू केले होते. बाईंनी खिडकीला हात घातला. पुढचे बोलणे त्यांनी मला त्याच दिवशी अक्षरशः ऐकवले, आणि नंतर डॉक्टरांनीही तसेच सांगितले.

“अम्मा, रिपोर्ट हो गई आपकी बकरी की. बेहया ने मारा है.”

“कोणं?”

“बेहया ने. घर के बगल में ही है न आपके?”

“हाँ. एकदम लगके.”

“बस, वही. रोज थोड़ा-थोड़ा जाता है पेट में, पता नहीं चलता. जड़ से उखाड़ फेंकिए उसको, नहीं तो बाकी भी जाएँगी. हम आठ दिन में लौटते हैं, तब आइए.”

जीप गेली. बाई तिथून आमच्याकडे आल्या, दुधाची वेळ नसताना.

“डॉक्टरनं नाव नाही घेतलं. मोठे लोक नाव घेत नाहीत. पण बेहया म्हणजे कोण, ते मले सांगाले नको.”

बेहया म्हणजे निर्लज्ज, बेशरम. एवढे हिंदी इथे मुलांनाही येते. तरी मी विचारले, “डॉक्टरांना कसं कळलं कोणी केलं ते?”

“मशीनीत पाहिलं न त्याइनं. आतून.”

“मशीनीत पेशी दिसतात, बाई. शेजारीण दिसत नाही.”

“मंग त्याले कसं माहीत का थे माह्या बगलमधी राहते?”

डॉक्टर कधी नाल्याकडे आले नव्हते.

संध्याकाळी पुष्पाची लूना वाटेवर आली तेव्हा बाई आडव्या उभ्या होत्या. आसपासच्या पाच-सात घरांतले लोक आपसूक बाहेर आले.

“थांब व. डॉक्टरनं सांगतलं मले.”

“काय सांगतलं, मावशी?”

“का माह्या बकऱ्या कोण मारून राहिलं. रोज थोडं थोडं करून. तुले उखडून फेकाले सांगतलं आहे, मुळापासून.”

पुष्पाने लूना स्टँडवर लावली. तिला हसू आवरेना, आणि तेच वाईट झाले. “मले? मी काय वांग्याचं झाड आहो, उखडाले?”

“हास. हास अजून. कबरी उद्यापरवा जाते, तेव्हा पण हास.”

“मावशी, तुमच्या कबरीच्या अंगाले माहा हात लागला असंन तं हात झडो माहा. मी लंगडीले खाऊ घालतो, हे चूक झाली काय माही?”

“तिले काहून घालते? बाकीच्याइले काहून नाही?”

“बाकीच्या बांधल्या आहेत न तुम्ही! थे येते, म्हणून तिले.”

गर्दीत कोणी म्हणाले, “चौकी में बता दो.” दुसरा म्हणाला, “सरकारी नोकरी है इसकी, सोच लो.” पुष्पाचे हसू तिथे संपले. ती म्हणाली, “ठीक आहे. डॉक्टर आले का त्याच्या तोंडावर बोला. मी स्वतः नेतो तुमाले. मंग चौकी बी दाखवा.”

मधले दिवस बाईंनी फुकट घालवले नाहीत. कुंपण नीट पाहिले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की आतल्या बाजूने, कमरेच्या खाली, ते विरळ झाले आहे. पाने गेलेली, शेंडे खुडलेले. तिथून पलीकडचे दिसत होते, म्हणजे पलीकडून इकडचेही दिसत असणार. बघायला फटी पाडल्या, असे त्यांनी ठरवले. नाल्यावरून ओल्या, कोवळ्या शेंड्यांच्या काड्या आणून त्यांनी एकेक फट बुजवली. चांदणीचे दावे काळी मेल्यापासूनच कुंपणाजवळच्या खुंटाला होते, कारण जागा रिकामी होती आणि पहारा हवा होता; आता तिचेही पाय नीट पडेनात.

त्याच आठवड्यात कबरी मेली. देवीदासचा फोन आला तेव्हा बाईंनी त्याला सांगितले नाही. “पाच आहेत,” म्हणाल्या. फोन ठेवून मग माझ्या आईजवळ बसल्या आणि म्हणाल्या, “चौथ्या मजल्यावर दार बंद केलं का कोण आलं कोण गेलं काही दिसत नाही म्हणे. तसं राहते काय माणूस?”

डॉक्टर परतले त्या दिवशी आम्ही तिघे दवाखान्यात गेलो. मी माझ्या स्कूटरवर, चांदणी भाड्याच्या हातगाडीवर, आणि भागीरथाबाई पुष्पाच्या लूनावर मागे. पुरुषाच्या मागे बसणे त्यांना पटत नव्हते. त्या पुष्पाला न धरता, हातात पिशवी घट्ट आवळून, एका बाजूला बसल्या होत्या. अधारतालच्या चौकात ब्रेक लागला तेव्हा मात्र त्यांनी तिचा खांदा धरला, आणि लगेच सोडला.

डॉक्टरांनी आधी चांदणीला पाहिले. तिची हनुवटी धरून मान वर उचलली आणि सोडली. चांदणी मागच्या मागे कलंडली. बाईंच्या तोंडून “अगं माय” निघाले. डॉक्टरांनी तिला उभे केले, थांबले, पुन्हा पाहिले. “अभी देर नहीं हुई,” म्हणाले. “लेकिन अम्मा, हमने कहा था उखाड़ने को. उखाड़ा?”

“कसं उखाडू?” बाईंनी पुष्पाकडे बोट केले. “यही है आपकी बेहया. तिचं स्वतःचं घर आहे, पक्की नोकरी आहे. तुमीच सांगा तिले.”

डॉक्टर पुष्पाकडे बघत राहिले. पुष्पा डॉक्टरांकडे. “नमस्ते,” ती म्हणाली. “मुझे जड़ से उखाड़ना है, ऐसा सुना.”

“अरे राम राम!” डॉक्टर उठलेच. दवाखान्यामागे नाली होती. ते स्वतः गेले आणि एक फांदी तोडून घेऊन आले. बदामासारखी पाने, वर दोन जांभळट फुले. ती त्यांनी टेबलावर ठेवली. “ये. इसको बेहया कहते हैं.”

बाईंनी फांदी उलटीपालटी केली. पान चुरून वास घेतला. “हे? हे तं बेशरम आहे.”

“हाँ, वही. आप बेशरम कहते होंगे. हमारे बलिया में बेहया कहते हैं. एक ही बात हुई न?”

एकच बात होती. पुष्पा भिंतीला टेकून हसू लागली. ती इतकी हसली की बाहेर म्हशी घेऊन बसलेले लोक आत डोकावले. भागीरथाबाई हसल्या नाहीत.

“बकरी बेशरम खात नाही,” त्या म्हणाल्या. “लहान पोरालेही माहीत आहे हे. मी पन्नास वर्षांपासून जनावरं पाहून राहिली. तुमी आल्याले वर्ष झालं.”

डॉक्टरांना राग आला नाही. बाई म्हणतात ते बरोबर आहे, ते म्हणाले. हिरवे काही मिळत असेल तोवर बकरी हिला तोंड लावत नाही. पण उन्हाळ्याकडे, बांधून ठेवलेली असली, समोर दुसरे हिरवे नसले, की एक पान खाते. मग दुसरे. मग तिला चटकच लागते. नंतर चांगला चारा टाकला तरी ती आधी इकडेच येते.

मग त्यांनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवले. काचेवर काळीच्या लहान मेंदूची पातळ चकती होती. पेशी फुगलेल्या, आत बुडबुडेच बुडबुडे, साबणाच्या फेसासारखे. त्यांनी समजावून सांगितले ते मी जसे समजलो तसे लिहितो.

प्रत्येक पेशीत लहान लहान पिशव्या असतात. त्यांना लायसोसोम म्हणतात. पेशीतला जुना, झिजलेला माल तिथे येतो आणि मोडला जातो, म्हणजे सुटे भाग पुन्हा वापरता येतात. ह्या मालात पुष्कळशी प्रथिने अशी असतात की ज्यांना साखरेच्या कड्यांच्या साखळ्या जोडलेल्या असतात. ती ग्लायकोप्रोटीने. साखळी टोकाकडून, एकेक कडी सोडवत मोडावी लागते, आणि प्रत्येक जातीच्या कडीसाठी वेगळे विकर म्हणजे एंझाइम नेमलेले असते. मॅनोज नावाच्या साखरेची कडी अल्फा-मॅनोसिडेज सोडवते. बेशरमच्या पानात स्वेनसोनीन नावाचे द्रव्य आहे. ते त्या कडीसारखेच भासते. विकर ते पकडते आणि पकडूनच बसते. खरी कडी तशीच राहते. एक कडी अडली की तिच्यामागची साखळी अडली. रोज नवा माल येतो, मोडला जात नाही, पिशवी फुगते, पेशी फुगते. मेंदूला ते सर्वांत आधी जाणवते, म्हणून तोल जातो, मान हलते. पोट चिरून काही दिसत नाही, कारण हे विष जाळत नाही, फाडत नाही. एक काम तेवढे थांबवते.

आमच्या जुन्या अभिलेख खोलीत एक शिपाई होता. रद्दीत जाणाऱ्या फाइलींच्या लोखंडी टाचण्या काढणे एवढेच त्याचे काम. तो काही महिने दुसरीकडे गेला. टाचणीसकट रद्दी नेणार नाही असे रद्दीवाला म्हणाला, आणि टाचण्या काढणे हे दुसऱ्या कोणाचे काम नव्हते. फाइली आधी खोलीत, मग व्हरांड्यात, शेवटी दारात आल्या. चोरी नाही, आग नाही, तरी ऑफिसचे दार उघडेना. मी हे डॉक्टरांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, बिलकुल यही. शिपाई परत आला की हळूहळू साफ होते. पाला बंद केला की विकर मोकळे होते, बकरी सुधारते. मात्र मेंदूतल्या ज्या पेशी फुटल्या त्या परत येत नाहीत. आणि काही माणसांची मुले अशी जन्मतात की त्यांच्यात हे विकर जन्मापासूनच नीट काम करत नाही. ती उशिरा बोलतात, कमी ऐकतात. तिथे नुसते कुंपण उपटून भागत नाही.

हे सगळे मी बाईंना मराठीत सांगितले. त्या ऐकत होत्या, पण त्यांना एकाच गोष्टीचा उलगडा हवा होता.

“मंग लंगडी काहून चांगली आहे?”

“कारण थे माह्या घरी जेवते, मावशी,” पुष्पा म्हणाली. “पोट भरलं का बेशरम कोण खाते?”

बाई बोटांवर मोजत पुटपुटू लागल्या. “काळी कुठं बांधत होती मी? कुंपणापाशी. कबरी? कुंपणापाशी. गुड्डी मधे, ते ठीक आहे. चांदणीले...” इथे त्या थांबल्या. काळी मेल्यावर चांदणीला कुंपणापाशी त्यांनीच नेले होते. नव्या कोवळ्या काड्याही तिच्यासमोर त्यांनीच खोचल्या होत्या.

“मी म्हटलं, इनं फटी पाडल्या,” त्या कोणाकडेही न बघता म्हणाल्या.

घरी आल्यावर त्यांनी पुष्पाला अंगणात यायला सांगितले नाही, पण ती आली तेव्हा हटकलेही नाही. कुंपण आतल्या बाजूने बकरीच्या तोंडाच्या उंचीपर्यंत एका रेषेत खाल्लेले होते. पलीकडून पुष्पाच्या बाजूला ते भरगच्च होते. त्या रेषेवरून बाईंनी हात फिरवला.

तरी उपटायला त्या लगेच तयार झाल्या नाहीत. हे मला त्या वेळी समजले नाही. बकऱ्या वाचवायच्या म्हणजे चौथा मजला टाळायचा. त्यासाठी कुंपण गेलेच पाहिजे, हे उघड होते. पण कुंपण गेले की डाव्या बाजूला काहीच उरत नव्हते. चूल, खाट, दावणी, सगळे पुष्पाच्या फाटकातून दिसणार. त्या रात्री त्यांनी चांदणीला घरात घेतले आणि दार लावले. सकाळी पाहिले तर लंगडी नेहमीसारखी भगदाडातून पलीकडे निघाली होती आणि तिच्यामागे गुड्डी, जाता जाता कुंपणाचा एक शेंडा तोंडात घेऊन. बाईंनी कुदळ काढली.

पुष्पाने त्या दिवशी रजा टाकली. दोघींनी मिळून काम केले. बोलल्या कमी.

“मुळी राहिली तं पुन्हा येते, मावशी.”

“मले शिकवू नको. मीच लावली आहे.”

“काड्या नाल्यात नका टाकू. तिथंही लागते.”

“मंग काय खाऊ?”

“बकरीले विचारा.”

ह्यावर बाईंच्या तोंडाचा एक कोपरा हलला. पुष्पाने ते पाहिले, पण ते कोणाला सांगू नये एवढे शहाणपण तिला होते. मला तेवढे तिने सांगितले. काड्या उन्हात वाळवून जाळल्या. धूर तिच्याच घरात जातो आहे, ह्याबद्दल पुष्पाने तक्रार केली. मुद्दाम त्या बाजूला ढीग घातला असावा, असे तिला वाटले. आता संशय घेण्याची पाळी तिची होती.

गुड्डीला काही झाले नाही. चांदणी महिन्याभरात नीट चालू लागली, मान मात्र अजून हलते, दाणा पाहिला की जास्त. पावसाळ्यात ती व्याली. पिल्लू उशिरा उभे राहिले, बाईंनी त्याला कापसाच्या बोळ्याने दूध पाजले, आणि ते जगले. देवीदासला त्यांनी खरा आकडा सांगितला. तो म्हणाला, “तीनच राहिल्या आई, आता तरी ये.” बाई म्हणाल्या, “चार. पिल्लू धर.” आणि फोन माझ्या हातात दिला.

उरलेल्या मुळांतून बेशरम अजून फुटते. बाई रोज सकाळी हद्दीवर वाकून चालतात आणि दिसला तो कोंब उपटतात. एखाद्या दिवशी दोन-चार कोंब पुष्पाच्या बाजूला मिळतात. ती मुद्दाम ठेवते का, हे त्यांनी मला दोनदा विचारले आहे. डॉक्टरांवरही त्यांचा पूर्ण विश्वास नाही. एवढे समजत होते, तर जीपमधून उतरून फांदी का दाखवली नाही, असे त्या म्हणतात. ह्यात त्यांचे चूक आहे असे मला वाटत नाही.

दिवाळीच्या आधी पुष्पाने लंगडीने चार महिने खाल्लेल्या चुनीचे नव्वद रुपये मागितले. बाई म्हणाल्या, किती खाल्ली हे मी पाहिले नाही, आणि चुनीचा भाव तू सांगतेस तो नाही. बाजारात तीन ठिकाणी विचारून त्यांनी पंचावन्न रुपये दिले. पुष्पाच्या हिशेबाने पस्तीस रुपये अजून द्यायचे आहेत.